जुन्या घराचे नूतनीकरण : ठेकेदार कसा निवडावा, मजुरी कशी ठरवावी

पुण्यातील आमच्या इमारतीचे बांधकाम १९९३ सालचे आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन खोल्यांचा गिलावा, दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघराचा ओटा नव्याने करून घेतला. काम चांगले झाले; पण शेवटच्या बिलाच्या दिवशी ठेकेदार आणि आम्ही समोरासमोर बसून तीन तास वाद घातला. वाद दराचा नव्हता, कारण दर दोघांनाही मान्य होता. गिलाव्याचे माप काढताना खिडक्या वजा करायच्या की नाहीत, एवढाच प्रश्न होता आणि काम सुरू होण्यापूर्वी तो कोणीच कोणाला विचारला नव्हता. त्यानंतर नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या चार-पाच घरांची कामे जवळून पाहिली, तेव्हाही हेच दिसले. पैशांवरून होणारी बहुतेक भांडणे ही न ठरवलेल्या कामाची भांडणे असतात. म्हणून दर विचारण्यापूर्वी काम ठरवावे, आणि ते कागदावर ठरवावे.

कामाची यादी आधी, ठेकेदार नंतर

एक वही घेऊन प्रत्येक खोलीत उभे राहावे आणि काय तोडायचे, काय ठेवायचे आणि काय नवीन बसवायचे, ते लिहावे. “बाथरूम नवीन करणे” ही नोंद पुरेशी नाही. जुन्या टाइल्स काढायच्या का, त्याखालचा कोबा खरवडून वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचे का, भिंतीतील जुने लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसी (एक प्रकारचे प्लास्टिक) पाइप टाकायचे का, टाइल्स किती उंचीपर्यंत लावायच्या, दाराची चौकट आणि उंबरा बदलायचा का, या प्रत्येक गोष्टीला वेगळा खर्च आहे. राडारोडा गोण्यांत भरून खाली उतरवणे आणि टेम्पोने हलवणे कोणाकडे, हा मुद्दा यादीतून हमखास सुटतो. चौथ्या मजल्यावरून शंभर-दीडशे गोण्या उतरवण्याची वेळ आली, आणि सोसायटीने लिफ्ट वापरू दिली नाही, की त्या एका मुद्द्याची रक्कम काही हजारांच्या घरात जाते.

यादीसोबत मापेही स्वतः घ्यावीत. ५ फूट बाय ७ फुटांच्या बाथरूमचे उदाहरण घेऊ. चारही भिंतींची एकत्रित लांबी २४ फूट होते. ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स लावायच्या तर १६८ चौरस फूट होतात. त्यातून अडीच फूट बाय सात फुटांच्या दाराचे साडेसतरा चौरस फूट वजा केले की १५०.५ चौरस फूट उरतात. जमिनीचे ३५ चौरस फूट वेगळे. कापाकापी आणि मोडतोडीसाठी दहा टक्के जास्त धरले तर भिंतीसाठी सुमारे १६६ चौरस फूट, म्हणजे १२ बाय १८ इंचांच्या १११ टाइल्स लागतील. हा हिशोब हाताशी असला की कोणी २०० चौरस फुटांचे बिल पुढे केले, तर वाढीव माप कुठून आले हे शांतपणे विचारता येते.

परवानगी

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर कामाचे स्वरूप, कालावधी आणि ठेकेदाराचे नाव लिहून समितीची लेखी परवानगी घ्यावी. कामाच्या वेळा, अनामत रक्कम, लिफ्टचा वापर आणि सामान ठेवण्याची जागा यांचे नियम तेव्हाच मागून घ्यावेत आणि ठेकेदाराला दर विचारण्यापूर्वी दाखवावेत. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, असा नियम असेल तर दिवसाचे काम कमी होणार आणि त्याचा परिणाम दरावर होणार, हे उघड आहे.

गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ आणि सांडपाण्याचे पाइप बदलणे अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा महापालिकेची बांधकाम परवानगी लागत नाही. मुंबईत यासाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३४२ पाहतात. राज्यातील इतर बहुतेक शहरांत २०२० साली मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मात्र खांब, तुळई, स्लॅब किंवा भार घेणारी भिंत यांना हात लावायचा असेल तर संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला आणि परवानगी यांशिवाय पुढे जाऊ नये. गेल्या काही वर्षांतील अनेक उंच इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला सर्वत्र ‘मायवान’ म्हणतात, ओतलेल्या आहेत. त्यांतील आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात. तिथे “ही मधली भिंत काढून हॉल मोठा करून देतो” असे सहज म्हणणाऱ्या ठेकेदाराला त्याच क्षणी नकार द्यावा.

काम कोणत्या पद्धतीने द्यायचे

आपल्याकडे चार पद्धती चालतात. पहिली मटेरियलसकट : सामान आणि मजुरी दोन्ही ठेकेदाराची. दुसरी लेबर रेट : सामान मालकाचे, मजुरी चौरस फुटावर. तिसरी उक्ते काम, म्हणजे संपूर्ण कामाची एकच ठरलेली रक्कम. आणि चौथी रोजंदारी, म्हणजे हजेरीवर.

माझे मत असे आहे की वाळू, सिमेंट, विटा, वॉटरप्रूफिंगची रसायने ठेकेदाराकडे सोपवावीत, कारण वॉटरप्रूफिंग गळले तर “सामान तुमचे होते” असे म्हणायला त्याला जागा उरत नाही. टाइल्स, नळ, बेसिन, स्विच अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू मात्र स्वतः निवडून, स्वतःच्या नावाच्या बिलावर घ्याव्यात. तोडफोडीत आत काय निघेल हे कोणालाच माहीत नसते, तेवढ्या भागापुरती रोजंदारी दोघांनाही न्याय्य ठरते. पण त्या दिवसांची हजेरी वहीत लिहून रोज संध्याकाळी मुकादमाची सही घ्यावी. संपूर्ण काम रोजंदारीवर दिले तर ते लांबत जाते, आणि सगळेच उक्ते दिले तर ते घाईने उरकले जाते.

माणूस शोधणे

ओळखीतून आलेल्या तीन ठेकेदारांना घरी बोलवावे आणि तिघांच्याही हाती तीच यादी द्यावी. त्यांनी पूर्वी केलेले एक नुकतेच संपलेले आणि एक किमान दोन पावसाळे पाहिलेले काम बघायला जावे. नुकत्याच संपलेल्या कामात सगळेच चांगले दिसते. जुन्या कामात बाथरूमच्या खालच्या घराचे छत पाहावे, टाइल्सवर नाण्याने हलके ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे, आणि त्या घरमालकाला एकच प्रश्न विचारावा : काम संपल्यावर काही बिघडले, तेव्हा हा माणूस परत आला का?

ठेकेदार एका वेळी किती ठिकाणी काम करतो आणि आपल्या घरी रोज कोण उभे राहणार, हेही विचारावे. बोलणी करणारा एक आणि काम करणारा दुसराच, असे नेहमी होते. त्यात गैर काही नाही, पण त्या मिस्त्रीची आधी भेट घ्यावी. कामाचे महिने ठरवतानाही या माणसांचा विचार हवा. पुण्या-मुंबईच्या साइटवर मराठवाडा, उत्तर कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि बिहार येथील कामगार मोठ्या संख्येने असतात. पेरणी, दिवाळी, छठ आणि होळी या काळात ते गावी जातात. त्या सुमारास संपणारे काम ठरवले तर ते अर्धवट राहण्याचीच शक्यता जास्त.

दर पारखणे

तीन दरपत्रके समोर आली की सर्वांत स्वस्त दराकडे मन ओढले जाते. अशा वेळी दर उलगडून पाहावा. आपल्या भागातील मजूर अड्ड्यावर मिस्त्री आणि बिगारी यांची आजची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती आहे, हे दोन-तीन ठिकाणी विचारले तर सहज कळते. उदाहरणापुरते समजू की मिस्त्रीची हजेरी १००० रुपये आणि बिगाऱ्याची ७०० रुपये आहे, म्हणजे जोडीचा दिवस १७०० रुपयांना पडतो. बाथरूमच्या भिंतीला टाइल्स लावताना कोपरे, पाइपांची भोके आणि कापाकापी असते. अशा ठिकाणी एका जोडीने दिवसाला ५० चौरस फूट नीट लावले असे धरू. म्हणजे निव्वळ मजुरी चौरस फुटाला ३४ रुपये झाली. त्यावर हत्यारे, कटरची पाती, ने-आण, देखरेख आणि ठेकेदाराचा नफा यांसाठी वीस टक्के धरले की दर ४१ रुपयांच्या आसपास येतो.

आता एखाद्याने २५ रुपये दर दिला तर काय होईल? ठेकेदाराचा वाटा काढून उरलेल्या पैशांत हजेरी सुटायची असेल, तर त्याच जोडीला दिवसाला ८० चौरस फुटांहून अधिक टाइल्स लावाव्या लागतील. घाईत सिमेंटचा मसाला टाइलच्या फक्त मधोमध थापला जातो, कोपरे पोकळ राहतात आणि वर्षभरात टाइल्स सुटू लागतात. किंवा बिगाऱ्याची हजेरी कापली जाते. तिसरी शक्यता म्हणजे काम निम्म्यावर आल्यावर “साहेब, परवडत नाही” असे सांगून दर वाढवून मागितला जातो. तिन्ही बाबतींत स्वस्त दर आपल्याला महागच पडतो.

आणखी दोन गोष्टींशी दर ताडून पाहता येतो. सार्वजनिक बांधकाम विभाग राज्याची दरसूची प्रसिद्ध करतो. तिच्यातील दर मोठ्या सरकारी कामांचे असल्यामुळे ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण कोणत्या कामात काय काय समाविष्ट असते, हे त्यातील वर्णनांवरून नेमके समजते. दुसरी गोष्ट म्हणजे राज्य सरकारने ठरवलेले किमान वेतन, ज्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. आपण मान्य केलेल्या दरातून बिगाऱ्याला किमान वेतनही मिळणार नसेल, तर तो दर कितीही सोयीचा असला तरी न्याय्य नाही आणि तो आपण मान्य करू नये.

घासाघीस करायला हरकत नाही. मात्र ती कामाच्या व्याप्तीवर करावी. “चाळीसचे पस्तीस करा” असे म्हणण्यापेक्षा “टाइल्स छतापर्यंत न नेता सात फुटांवर थांबवू” किंवा “सामान वर चढवण्याची सोय आम्ही करतो” असे म्हटले तर रक्कम खरोखर कमी होते आणि कोणाच्या ताटातून काही काढून घेतले जात नाही. ठेकेदाराची जीएसटी नोंदणी असेल तर अशा कामावर १८ टक्के कर लागतो. तो दरात धरला आहे की वरून येणार, हे पहिल्याच बैठकीत विचारावे.

मोजमापाचा नियम

आमचा तीन तासांचा वाद इथला होता. दोन खोल्यांत मिळून ४ फूट बाय ४ फुटांच्या चार खिडक्या, म्हणजे ६४ चौरस फूट. आमचे म्हणणे, जिथे गिलावा केलाच नाही त्याचे पैसे का द्यायचे? मिस्त्री वयस्क होते, त्यांनी पेन्सिल कानामागून काढली, मला हाताला धरून खिडकीपाशी नेले आणि चौकटीच्या बाजूची सहा इंचांची पट्टी दाखवत म्हणाले, “ताई, सपाट भिंत अर्ध्या तासात होते. ही धार ओळंब्यात आणि गुण्यात आणायला माझी दुपार गेली.” ओळंब्यात म्हणजे उभी सरळ आणि गुण्यात म्हणजे काटकोनात. त्यांचे म्हणणे खरे होते. एका खिडकीच्या चारही बाजूंची लांबी १६ फूट, रुंदी अर्धा फूट, म्हणजे आठ चौरस फूट गिलावा. तोही सर्वांत किचकट. शेवटी उघडी जागा वजा केली आणि बाजूंचे माप धरले, म्हणजे ६४ ऐवजी ३२ चौरस फूट कमी झाले. हाच नियम आधी लिहिला असता तर कोणाचेच मन दुखावले नसते.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १२०० या मानकात याची ठरलेली पद्धत आहे. भिंतीच्या दोन्ही अंगांना गिलावा असेल तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांची उघडी जागा वजा करत नाहीत. अर्ध्या ते तीन चौरस मीटरपर्यंतची जागा एकाच अंगाने वजा करतात आणि बाजूंचे माप वेगळे धरत नाहीत. त्याहून मोठी जागा दोन्ही अंगांनी वजा करून बाजूंचे माप मिळवतात. नूतनीकरणात गिलावा बहुधा आतूनच होत असल्याने मी “उघडी जागा पूर्ण वजा, बाजू पूर्ण धरायच्या” हा साधा नियम सुचवते. कोणताही नियम घ्या, पण लिहून घ्या. तसेच स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी, रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर) की चौरस फुटावर, आणि ‘ब्रास’ म्हटले की १०० चौरस फूट की १०० घनफूट, हेही स्पष्ट करावे, कारण हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो.

सुतारकामात माप आणखी फसवे असते. कपाटाचा दर दर्शनी भागाच्या चौरस फुटावर आहे की लागलेल्या प्लायवूडवर, यावर रक्कम कितीतरी बदलते. प्लायवूडच्या प्रत्येक शीटवर आयएस ३०३ किंवा, पाण्याजवळच्या कामासाठी, आयएस ७१० असा शिक्का असतो. कोणता प्रकार आणि किती मिलिमीटर जाडी, हे करारात यावे.

करार

दोन पानांचा साधा करार पुरतो. त्याला कामाची यादी, मापे, दर आणि सामानाचा दर्जा यांची नोंद जोडून दोघांनी प्रत्येक पानावर सही करावी. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक करारनाम्यांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. रक्कम मोठी असेल तर जास्त मुद्रांक लागू शकतो, म्हणून कामाची रक्कम सांगून तो आधी विचारून घ्यावा. भाषा आपली रोजचीच असावी. नमुन्यादाखल दोन कलमे देते :

“बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर जमिनीतील पाणी जाण्याचे तोंड (नहाणी ट्रॅप) बंद करून तीन इंच पाणी ४८ तास भरून ठेवले जाईल. खालच्या घराच्या छताला ओल आढळल्यास ठेकेदार स्वखर्चाने काम पुन्हा करून देईल व ही चाचणी पुन्हा घेतली जाईल. चाचणी पार पडेपर्यंत टाइल्सचे काम सुरू होणार नाही.”

“यादीबाहेरचे कोणतेही काम मालकाने रकमेसह लेखी मान्य केल्याशिवाय केले जाणार नाही, आणि तसे मान्य न करता केलेल्या कामाचे पैसे मागितले जाणार नाहीत.”

दुसऱ्या कलमासाठी व्हॉट्सअॅपवरचा संदेश चालेल, असेही लिहावे. भिंत फोडल्यावर गंजलेली सळई दिसली की निर्णय तासाभरात घ्यावा लागतो, तेव्हा फोटो, रक्कम आणि “मान्य आहे” एवढा संदेश पुरेसा असतो. कामगारांच्या सुरक्षिततेची आणि अपघात विम्याची जबाबदारी ठेकेदाराची, हेही लिहावे. पण तेवढ्यावर न थांबता बाहेरच्या भिंतीवर काम असेल त्या दिवशी पट्टा आणि हेल्मेट वापरले जात आहे ना, हे स्वतः पाहावे.

पैसे केव्हा, किती

सुरुवातीची उचल दहा टक्क्यांहून जास्त देऊ नये. मजुरीची एकूण रक्कम दोन लाख असेल तर मी असे टप्पे पाडीन : सुरुवातीला २० हजार; तोडफोड होऊन राडारोडा उचलला गेल्यावर ३० हजार; प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी झाल्यावर ५० हजार; गिलावा आणि टाइल्स पूर्ण झाल्यावर ६० हजार; रंग आणि किरकोळ दुरुस्त्या संपून मोजमाप झाल्यावर २० हजार; आणि उरलेले २० हजार पहिल्या पावसाळ्यानंतर. प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसणाऱ्या कामाला बांधलेला असावा; तारखेला बांधू नये. सामानाचे पैसे या टप्प्यांत मिसळू नयेत. शक्य असेल तर ते थेट दुकानदाराला द्यावेत.

मात्र या शिस्तीची दुसरी बाजू मालकाने सांभाळलीच पाहिजे. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पैसे द्यावेत. साइटवरच्या माणसांना दर शनिवारी खर्ची लागते, म्हणजे आठवड्याच्या किराण्यापुरते पैसे. बाकी हिशोब नंतर होतो. आपण “सोमवारी बघू” म्हटले की ठेकेदाराकडून खर्ची अडते, आणि सोमवारी मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. आमच्याकडे एका शनिवारी असे झाले होते. पैसे आम्ही वेळेवर दिले होते, पण ठेकेदाराने ते दुसऱ्या कामाच्या सिमेंटसाठी वळवले. बिगारी तरुण होता, संध्याकाळी हातपाय धुऊन जिन्यात बसून राहिला होता, विचारल्यावर खर्ची मिळाली नसल्याचे कळले. तेव्हापासून मी करारात एक ओळ घालायला सांगते : टप्प्याचे पैसे मिळाल्यावर कामगारांची थकलेली मजुरी आधी दिली जाईल, आणि मुकादमाच्या सहीची नोंद मालकाला दाखवली जाईल. ठेकेदाराला ही ओळ खटकली तर तेही आधीच कळलेले बरे.

कामगाराने ९० दिवस काम केल्याच्या प्रमाणपत्राबद्दल विचारले तर ठेकेदाराला ते द्यायला सांगावे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी आधीच्या वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि त्या नोंदणीवर त्याच्या मुलांच्या शिक्षणाची आणि उपचारांची मदत अवलंबून असते.

काम चालू असताना आणि संपल्यावर

सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुनी गोणी परत करावी. काँक्रीटवर गिलावा करण्यापूर्वी टाचे मारले आहेत ना, म्हणजे पकड यावी म्हणून ते टोचून खडबडीत केले आहे ना, वीट आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर जाळी लावली आहे ना, हे पाहावे. नवीन गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारले गेले पाहिजे, आणि ते कोण मारणार हेही ठरलेले हवे, कारण रविवारी साइटवर कोणी नसते. विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. भिंती बंद होण्यापूर्वी पाइप आणि वायर यांचे टेप धरून फोटो काढावेत. पुढे खिळा ठोकताना त्यांचा फार उपयोग होतो.

शेवटचे मोजमाप ठेकेदार, मिस्त्री आणि आपण असे तिघांनी मिळून एकाच टेपने घ्यावे, एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, आणि त्याच पानावर सह्या कराव्यात. दोष राहिले असतील तर त्यांची यादी करून प्रत्येकासमोर तारीख टाकावी. एका दोषासाठी संपूर्ण बिल अडवू नये. तेवढ्या कामाची रक्कम बाजूला ठेवून बाकीचे पैसे द्यावेत.

इतके करूनही ठेकेदार पैसे घेऊन काम सोडून गेला, तर आधी लेखी नोटीस पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती ई-जागृती या संकेतस्थळावरून दाखल होते. तिथे करार, टप्प्यांच्या पावत्या, फोटो आणि मोजमापाचे पान एवढेच उपयोगी पडते. म्हणून रोख रक्कम दिली तरी पावती घ्यावी, आणि शक्यतो बँकेतूनच पैसे द्यावेत.

राखून ठेवलेली रक्कम ठेकेदाराने मागण्याची वाट पाहू नये. ऑक्टोबरमध्ये भिंती आणि खालच्या घराचे छत एकदा पाहावे, कुठे ओल नसेल तर आपणच फोन करून पैसे पाठवावेत. आम्ही तसे केले. आता नळाचा वायसर बदलायचा असला तरी ते मिस्त्री पहिल्या फोनवर येतात.